झाकणाचा वाडगा

साउहिंगला झाकणाच्या वाडग्यात भात मिळू लागला, तेव्हाच तिला समजायला हवं होतं. पण माणूस दुसऱ्याच्या घरातलं लांबून ओळखतं आणि स्वतःच्या ताटाखालचं त्याला दिसत नाही.

तो वाडगा पाहुण्यांचा होता. निळ्या काठाचा, वर माशाच्या आकाराची मूठ असलेलं झाकण. मधल्या घरात पूर्वजांच्या नावांच्या पाट्या मांडलेल्या फळीखाली कपाट होतं, त्यात तो असायचा आणि भावजयीच्या माहेरचे लोक आले की वर्षातून दोनदा बाहेर निघायचा. नवं वर्ष लागलं, साउहिंगचा खोकला छातीत उतरला आणि एक दिवस भावजयीनं तो तिच्यासमोर आणून ठेवला.

"वन्सं, तुम्ही घरात सगळ्यांत थोरल्या. तुम्हाला काय म्हणून आमचे टवके उडालेले वाडगे?"

भावजयीचं नाव बिकयू. बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी. जेवण झाल्यावर तिनं तो वाडगा वेगळा धुतला, राखेनं तीनदा घासला आणि इतर भांड्यांपासून लांब, तळ्याच्या कठड्यावर पालथा घातला. साउहिंगनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. सत्तावन्न वर्षांची बाई एवढं तर शिकतेच.

खरं म्हणजे ते घर तिचंच होतं, किंवा निदान त्याच्या विटा तरी. छत्तीस वर्षं ती गावच्या रेशीम गिरणीत होती. कढत पाण्याच्या घमेल्यात कोष उकळत असायचे आणि त्यात बोटं घालून धाग्याचं टोक शोधायचं, हे तिचं काम. बोटांची टोकं पांढरी, गुळगुळीत झाली होती; सुई हातात धरली तर धरलीय की नाही हे बघावं लागे. त्या बोटांवर भावाच्या घराला कौलं चढली, भावाचं मासळीचं तळं खोदलं गेलं, भाच्यांची लग्नं झाली. पण दक्षिणेच्या त्या तुतीच्या मुलखात घर विटांचं नसतं, फळीवरच्या नावांचं असतं. आणि बापाच्या घरच्या फळीवर लेकीचं नाव कधी चढत नाही.

तिनं लग्न का केलं नाही, याची कथा गावाला पाठ होती. थोरलं लेकरू उजवल्याशिवाय धाकट्याचं लग्न करायचं नाही, हा तिथला नियम. साउहिंग वीस वर्षांची असताना धाकट्या याउफुकला चांगलं स्थळ आलं आणि मुलीकडचे थांबायला तयार नव्हते. घरात सगळे तिच्याकडे बघू लागले. घाईघाईनं मिळेल त्याच्या गळ्यात पडायचं, नाहीतर स्वतःचे केस स्वतः विंचरायचे, एवढेच दोन रस्ते होते. नवरीचे केस लग्नाच्या दिवशी एखादी भाग्यवान बाई वर बांधते. जिला लग्न नको, ती करुणेच्या देवीसमोर बसून आपल्या हातानं बांधते. एकदा बांधले की ती उजवली गेली, धाकट्यांची वाट मोकळी.

साउहिंगनं केस बांधले. लोक म्हणाले, भावासाठी केवढा त्याग! साउहिंगनंही ते म्हणू दिलं. खरं कारण तिला एकटीला ठाऊक होतं. शेजारच्या घरातली सून ती लहानपणापासून बघत आली होती. सासू जेवत असताना ती उभी, सासू झोपेपर्यंत ती जागी, आणि चहा जरा गार झाला की साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा उद्धार. साउहिंगला नवऱ्याची भीती नव्हती, सासूची होती. आपल्याला कुणी असं बोललं तर आपण तळ्यात उडी टाकू, असं तिला वाटायचं. आणि झालंही तिच्या मनासारखं. आयुष्यभर तिला कुणी वेडंवाकडं बोललं नाही. भावाच्या घरी सगळे तिच्याशी जपून, हसून बोलत. वर्षामागून वर्षं इतकं हसून बोलत राहिले की एखाद्या सणाला घर माणसांनी भरलेलं असताना तिला आपण वेशीवर उभे आहोत असं वाटे.

आणि मरणाचा नियम तर सगळ्यांत कडक. केस स्वतः बांधलेल्या बाईनं भावाच्या छपराखाली मरायचं नाही. त्यानं घराला दोष लागतो. पूर्वी गावात अशा बायकांचं मिळून एक घर होतं, म्हातारपणी तिथे जाऊन पडता येई. गिरणी बंद पडली तसं तेही विकलं गेलं. आता तिथे माशांचं खाद्य साठवतात.

लायफोंग तिची गिरणीतली जोडीदारीण, तीही केस बांधलेली. शेजारच्या घमेल्यावर तीस वर्षं काढलेली. मागच्याच्या मागच्या थंडीत लायफोंग अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या भाच्यानं तुतीच्या मळ्यापलीकडे बोरूची खोप बांधली आणि तिला उचलून तिथे नेलं. खोप चांगली शाकारलेली होती, वारा येऊ नये म्हणून चटया लावल्या होत्या. भाच्याला नाव ठेवायला जागा नव्हती. लायफोंग तिथे दोन दिवस जिवंत होती. साउहिंग तिचे पाय आपल्या मांडीवर घेऊन बसली होती.

"घरात आणलं का गं मला?" लायफोंग सारखी विचारायची.

"आणलं," साउहिंग सांगायची.

भुतांच्या महिन्यात गावातले लोक आपापल्या पितरांसाठी दारात कागदी कपडे जाळतात. ज्यांना कुणी नाही, त्या भटक्यांसाठी चौकात थोडं जाळून टाकतात. साउहिंगनं लायफोंगसाठी चौकात जाळलं. दुसरी जागाच नव्हती. आगीकडे बघताना तिला कळलं की पुढच्या वर्षी आपल्यासाठी इथेही कुणी येणार नाही. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती, मरायला एक दार. मोठं नको, चांगलं नको, आपलं म्हणता येईल असं.

त्यावर उपाय होता आणि तो सातव्या मावशींना ठाऊक होता. सातव्या मावशी म्हणजे गावात लग्नं जुळवणाऱ्या. जिवंतांची जुळवता जुळवता मेलेल्यांचीही जुळवू लागलेल्या. बिकयूनं बोलावलं तशा त्या आल्या, भोपळ्याच्या बिया सोलत बसल्या.

"मोकांचं घर आहे, नदीपलीकडे. एकुलता एक मुलगा, चीवाय नाव. लग्नाआधीच तापानं गेला, एक्केचाळीस वर्षं झाली. आज असता तर तुझ्याहून एका वर्षानं मोठा. अगदी जोडा शोभला असता बघ!"

"गेला तेव्हा केवढा होता?" साउहिंगनं विचारलं.

"सतरा."

"म्हणजे नवरदेव सतरा आणि नवरी सत्तावन्न," साउहिंग म्हणाली आणि तिला हसू आलं. हसता हसता खोकला आला. बिकयू लगबगीनं दोन पावलं मागे सरकली.

"त्याच्या नावाच्या पाटीशी लग्न लावायचं, त्याच्या घराचं दार तुझं झालं," मावशी म्हणाल्या. "वेळ आली की तिथे जायचं. पाटीवर त्याच्या शेजारी तुझं नाव लागेल. फक्त एक अडचण आहे. त्याची आई."

"जिवंत आहे?"

"एक्याऐंशी वर्षांची. डोळे गेलेत, जीभ शाबूत आहे. सुनेच्या हातचा चहा ती प्यायली तर लग्न झालं. नाही प्यायली तर नाही. याआधी दोघींना नेलं मी तिच्याकडे. दोघींचा चहा तिनं जमिनीवर ओतला."

 जिच्या भीतीनं साउहिंगनं केस बांधले ती सासू अशी दत्त म्हणून पुढे उभी राहिली होती, तीही चाळीस वर्षं मुरून.

याउफुक दाराशी उभा राहून ऐकत होता. तो देवमाणूस होता. देव जसा कशातच काही बोलत नाही, तसा तोही बोलत नसे. साउहिंगनं त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, तो म्हणेल, ताई, कशाला हे? या घराच्या विटा तुझ्या आहेत, बघू कोण तुला बाहेर काढतं ते. नियम नियम असतो, हे तिलाही माहीत होतं. तो म्हणाला असता तरी तिनं ऐकलं नसतं. पण त्यानं एकदा म्हणायला हवं होतं.

"वारा पडला की नाव पाण्यात घालतो," याउफुक म्हणाला.

चौथ्या महिन्याच्या सहाव्या दिवशी, सकाळीच ते निघाले. साउहिंगनं लाल जाकीट घातलं होतं आणि त्याच्या आत कमरेला पांढरी पट्टी बांधली होती. लग्न आणि नवऱ्याचं सुतक एकाच दिवशी उरकायचं होतं. नाव याउफुकचीच, तळ्यातला गाळ वाहायची. बिकयूनं ती धुऊन काढली होती आणि पुढच्या टोकाला एक बोचकं ठेवलं होतं. "लागलं सवरलं तर," ती म्हणाली. "वन्सं, सांभाळून जा हं."

सातव्या मावशींच्या मांडीवर चिंध्यांत गुंडाळलेली किटली होती. त्यांनी पहाटे उठून स्वतःच्या घरी चहा केला होता, लाल खारका आणि कमळाच्या बिया घालून.

"मागच्या दोघींच्या वेळी खारका विसरले होते," त्या म्हणाल्या. "यावेळी कुठे म्हणून नाव ठेवायला जागा नाही. आणि हे बघ, तिनं विचारलं इतकी वर्षं कुठे होतीस, तर सांगायचं की देवीची सेवा करत होते."

"मावशी, तो कसा होता?"

"कोण?"

"नवरा."

मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं नावेचं नाव विचारलं. "अगं, इतक्या जणींना दारं मी मिळवून दिली, हे कुणी विचारलं नाही. कसा असणार? सतरा वर्षांचं पोर. पोहायचा चांगला म्हणतात."

 याउफुकची पाठ साउहिंगकडे होती. मान उन्हानं काळवंडलेली, केस पिकलेले. तो पाच वर्षांचा असताना ती त्याला पाठीवर बांधून तुतीची पानं खुडायची, हे तिला आठवलं. तो मागून तिचे कान ओढायचा.

मोकांचं घर गल्लीच्या टोकाला होतं. दार अरुंद, लाकूड उन्हानं फाटलेलं. साउहिंगला ते इतकं आवडलं की तिनं जाता जाता त्यावर हात ठेवून घेतला. याउफुक नावेपाशीच थांबला. माहेरच्या पुरुषानं आत यायची रीत नव्हती.

म्हातारी बांबूच्या खुर्चीत ताठ बसली होती. बाजूला फळीवर पाटी होती, तिच्यासमोर उदबत्ती.

"आणलीस का आणखी एक?" म्हातारी म्हणाली.

"यावेळी फार गुणी आहे हो," मावशी म्हणाल्या आणि साउहिंगला खांद्याला धरून पाटीसमोर उभी केली. आकाशाला नमस्कार झाला, पितरांना झाला, पाटीला झाला. शेवटी साउहिंग म्हातारीसमोर गुडघ्यांवर बसली. मावशींनी किटलीतला चहा कपात ओतून तिच्या हातात दिला. साउहिंगनं दोन्ही हातांनी कप पुढे केला.

"सासूबाई, चहा घ्या."

हा शब्द तिनं जन्मात प्रथमच उच्चारला होता. 

म्हातारीनं कप घेतला, नाकाशी नेला. प्यायली नाही.

"खारका कुणी घातल्या?"

"मी! उत्तम आहेत, स्वतः निवडून—"

"तू केलास चहा? मग तुझं लावू का लग्न माझ्या मुलाशी?"

 म्हातारीनं हात बाजूला नेला आणि कप तिरपा केला. चहा जमिनीवर सांडला, खारका घरंगळत साउहिंगच्या गुडघ्याशी आल्या. साउहिंग त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर बोरूची खोप आली.

"मागच्या दोघीही असाच आयता चहा घेऊन आल्या," म्हातारी म्हणाली. "दार पाहिजे, सासू नको. ए, तू. नाव काय?"

"साउहिंग."

"माझ्या पोराचं नाव ठाऊक आहे?"

"चीवाय. पोहायचे चांगले."

म्हातारीनं मान तिच्याकडे वळवली. "चाळीस वर्षं कुठे होतीस?"

मावशींनी मागून तिला कोपर मारलं. साउहिंगनं तोंड उघडलं, पण देवीचं नाव काही येईना.

"गिरणीत होते. कोष उकळायचे. आणि खरं सांगायचं तर सासूबाई, मी सासूच्या भीतीनं लग्न केलं नाही."

मावशींनी कपाळावर हात मारला. म्हातारीनं हवेत चाचपून साउहिंगचा हात पकडला, बोटांची टोकं एकेक करून चोळून पाहिली.

"भीतीनं!" ती म्हणाली. "तू तिकडे भीत बसलीस आणि इकडे चाळीस वर्षं मी एकटी चूल फुंकतेय. आता आलीस ती दुसऱ्याच्या किटलीतला चहा घेऊन. सून तिसऱ्या दिवशी चुलीपाशी जाते, ही रीत. पण मला तिसऱ्या दिवसाचा भरवसा नाही, आणि तुझी छाती वाजतेय त्यावरून तुझाही नाही. आजच जा. ऊठ!"

स्वयंपाकघर अंधारं होतं. चुलीतली राख थंड, दोन दिवसांची तरी असावी. चुलीच्या देवाचं चित्र धुरानं इतकं काळं झालं होतं की मिशा तेवढ्या दिसत होत्या. तुतीच्या काटक्या ओल्या निघाल्या. साउहिंग फुंकत होती, खोकत होती, डोळे पुसत होती, पुन्हा फुंकत होती. बाहेरून म्हातारीचा आवाज आला, "काटक्या उभ्या घाल! आडव्या घातल्यास ना? वाटलंच मला."

साउहिंगनं आडव्याच घातल्या होत्या. तिनं उभ्या घातल्या. जाळ धरला.

पाण्याला आधण येईपर्यंत ती चुलीसमोर बसून राहिली. पाणी उकळायची तिला सवय होती. फक्त आज त्यात हात घालायचा नव्हता. डब्यात चहाची पानं तळाला थोडीच होती. पाणचट होईल या धास्तीनं तिनं मूठभर टाकली. कप घेऊन ती पुन्हा गुडघ्यांवर बसली. कप बशीवर वाजत होता, आणि तो आवाज घरात सगळ्यांना ऐकू येत होता.

म्हातारीनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू. पानं मुठीनं टाकलीस की काय? महिन्याची पानं एका कपात!"

साउहिंगनं मान खाली घातली. आता सांडणार, तिला वाटलं. पण सांडल्याचा आवाज आला नाही. म्हातारी बडबडत होती आणि मधूनमधून पीत होती. शेवटी तिनं रिकामा कप उलटा करून दाखवला.

"पाटीवर हिचं नाव घालायला सांग," ती मावशींना म्हणाली. "त्याच्या शेजारी."

मावशींना आनंद मावेना. त्या याउफुकला सांगायला धावत नदीकडे गेल्या. साउहिंग दारात येऊन उभी राहिली. तिच्या मनात आलं, आता तो वर येईल. दार मिळालं म्हटल्यावर त्याच्या जिवाला लागलेला घोर गेला असेल. तो म्हणेल, ताई, झालं ना मनासारखं? मग चल आता घरी. मरायची वेळ येईल तेव्हा येऊ इकडे. आणि ती जाईल. दोन महिने मिळतील, चार मिळतील. झाकणाच्या वाडग्यात तर झाकणाच्या वाडग्यात.

मावशी एकट्याच परत आल्या. कवेत मावेना असं बोचकं त्यांनी छातीशी धरलं होतं.

"गेला मेला! मला पण टाकून गेला! घाटावर हे ठेवून गेला. आता फेरीच्या नावेला पैसे कोण देणार?"

साउहिंगनं बोचकं उंबऱ्यावर ठेवून सोडलं. तिचा कंगवा होता, दोन जोड कपडे, देवीची छोटी मूर्ती. खाली गोधडी होती, थंडीतली, जाड कापसाची. आता चौथा महिना चालला होता, पुढे सारा उन्हाळा पडला होता. आणि गोधडीच्या मधोमध, पेंढ्यात नीट गुंडाळून, झाकणाचा वाडगा. त्यात आता भावाच्या घरात दुसरं कुणी जेवणार नव्हतं.

तिनं झाकण उचलून पाहिलं. आत काही नव्हतं. कशासाठी पाहिलं कुणास ठाऊक.

मावशी काहीतरी पुटपुटल्या आणि फेरीची नाव गाठायला निघून गेल्या. गल्ली रिकामी होती. साउहिंग उंबऱ्यावर बसली आणि रडली. नवऱ्यासाठी नाही, तो बिचारा पोहणारा पोर कोण कुठला. ती रडली ती पाठीवरच्या पाच वर्षांच्या भावासाठी, ज्यानं तिला सोडून जाताना मागे वळून हाक मारायचंही टाळलं. म्हणाला असता, जातो ताई, तर तिनं हसून जा म्हटलं असतं.

"दारात कोण बसलंय?" आतून म्हातारीचा आवाज आला.

"मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

साउहिंगनं डोळे पुसले. "तुमची सून."

"सून उंबऱ्यावर बसते होय गं? आईनं एवढंही शिकवलं नाही? आत ये. आणि दार लाव, माझ्या पाठीत वारं जातंय."

साउहिंगनं वाडगा आणि बोचकं उचललं. आत येऊन तिनं दार लोटलं. लाकूड फुगलं होतं, खांद्यानं रेटावं लागलं. मग अडसर घातला. आत तिला क्षणभर काही दिसेना. ती तशीच उभी राहिली, खुर्ची कुठे आहे ते आठवत.

"आणि उद्या," म्हातारी म्हणाली, "पानं कमी टाक."